साहेब आत्मचिंतन करताहेत

आमचे साहेब मुळशीच्या एका रिसॉर्टवर दोन दिवस ‘लीडरशिप’ला जाऊन आले आणि येताना एक वही घेऊन आले. काळं कव्हर, इलॅस्टिकचा पट्टा, आत जाड पिवळसर कागद. बिल अर्थातच ऑफिसच्या खात्यावर. दुसऱ्या दिवसापासून साडेनऊ ते पावणेदहा केबिनचं दार बंद आणि दारावर कागद चिकटवलेला: ‘रिफ्लेक्शन टाइम’. या पंधरा मिनिटांत चेकवर सही हवी असली तरी चेकनं थांबायचं.

पहिल्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी हळूच विचारलं, “साहेबांची तब्येत बरी आहे ना?”

“आत्मचिंतन करताहेत मामा.”

“मग चहा आत्ता देऊ की उरकल्यावर?”

बुधवारी ती वही कॉन्फरन्स टेबलावर उघडीच राहिली. दुसऱ्याचं वाचू नये, एवढे संस्कार आमच्यावर आहेत. पण अक्षर मोठं होतं. वर छापील प्रश्न: ‘आज मी काय शिकलो?’ खाली साहेबांचं उत्तर: ‘टीमला अजून बरंच शिकायचं आहे.’

आत्मचिंतनाची खरी अडचण इथेच आहे. आत डोकावायला बसलेला माणूस केबिनच्या काचेतून बाहेरच बघत असतो. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस मोहिमेवर असतानाही स्वतःला बजावणारी टिपणं लिहायचा. मात्र सैन्याला त्याची पीपीटी पाठवायचा नाही. आमच्या साहेबांचं चिंतन रोज दहा वाजता अख्ख्या ऑफिसच्या ग्रुपवर पडतं आणि दहा वाजून दोन मिनिटांपर्यंत त्यावर अकरा अंगठे येतात. अकरावा माझा. नोकरी करायची आहे.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी ‘जोहरी विंडो’ काढली. चार चौकटी: जे मला आणि जगालाही ठाऊक आहे ते, जे फक्त मला ठाऊक आहे ते, जे फक्त जगाला ठाऊक आहे ते आणि जे कुणालाच ठाऊक नाही ते. साहेबांची समजूत अशी की, हे जोहरी म्हणजे झवेरी बाजारातले कुणी रत्नपारखी असावेत. प्रत्यक्षात हे दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम. 1955 मध्ये त्यांनी ही खिडकी मांडली आणि ‘जो’ आणि ‘हॅरी’ जोडून तिचं बारसं केलं. हे मी साहेबांना सांगितलं नाही. म्हणजे ते तिसऱ्या चौकटीत गेलं.

ती तिसरी चौकट दार लावून भरता येत नाही, खिडकीची सगळी गंमत त्यात आहे. ती भरायला दुसरा माणूस लागतो आणि त्या माणसाला तोंड उघडायची भीती वाटून चालत नाही. त्यावर ऑफिसचा उपाय म्हणजे ‘थ्री-सिक्स्टी फीडबॅक’, तोही निनावी. आमची टीम चौघांची. त्यात एकच जण इंग्रजीत ‘डू द नीडफुल’ लिहितो आणि एकच जण वाक्य संपताना तीन उद्गारचिन्हं देतो. शुक्रवारी फॉर्म भरले, सोमवारी साहेबांनी उद्गारचिन्हांकडे बघून विचारलं, “मी कुणाचं ऐकून घेत नाही, असं तुला का वाटतं?” तो उत्तर द्यायला लागला, तोवर साहेबांना फोन आला.

अशा कार्यशाळांत एक गोष्ट हमखास सांगतात. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेलं एसएलव्ही-3 यान बंगालच्या उपसागरात पडलं. मोहिमेची धुरा अब्दुल कलामांकडे होती, पण पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. पुढच्याच वर्षी 18 जुलैला यान यशस्वी झालं, तेव्हा मात्र धवन म्हणाले, पत्रकारांशी तुम्ही बोला. ऐकताना सगळ्यांचे डोळे पाणावतात. पण जरा विचारा, हॉलमधल्या प्रत्येक साहेबाला त्या गोष्टीत आपण कोण वाटतो? कलाम. आपल्या वरच्यानं असं वागायला हवं होतं, याच विचारानं डोळे भरलेले असतात. धवन व्हायला अजून कुणी रजिस्ट्रेशन केलेलं नाही.

समर्थांना हे माहीत असावं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या पहिल्याच समासात त्यांनी मूर्खाची लक्षणं दिली आहेत. ती वाचताना दर ओवीला शेजारचाच आठवतो, स्वतःचा नंबर काही येत नाही. म्हणून असेल, त्याच दशकाच्या दहाव्या समासात त्यांनी पढतमूर्खाची वेगळी सोय केली. कार्यशाळेहून परतणाऱ्यांनी निदान तेवढा समास बसमध्ये वाचावा.

व्यवस्थापनाचे गुरू पीटर ड्रकर यांनी 1999 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक साधा उपाय लिहिला होता. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं, ते लिहून ठेवा. नऊ किंवा बारा महिन्यांनी वही उघडा आणि प्रत्यक्ष काय झालं, ते ताडून बघा. आपल्या किराणा दुकानदाराला यात काही नवं वाटणार नाही. नावे किती, जमा किती, उरलं काय. तो ‘मला आतून कसं वाटलं’ असा रकाना आखत नाही, म्हणून त्याचा हिशेब लागतो. साहेबांच्या काळ्या वहीत शेवटी असे दोन रकाने छापलेले आहेत. ती पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

मागच्या महिन्यात एक माल उशिरा गेला. डिस्पॅचच्या पोराला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणत होता, माझ्या शीटवर 20 तारीख आहे. साहेब म्हणाले, “कारणं नकोत, ओनरशिप घे.” दोन दिवसांनी भोसरीहून ग्राहक स्वतः आला. जुना कारखानदार. खिशातून बँकेनं फुकट वाटलेली चिटुकली डायरी काढली, बोट ओलं करून पान उलटलं आणि वाचलं, “तीन तारीख, सव्वाचार वाजता, फोन तुमचाच. दहाला माल देतो म्हणालात.”

खोलीत एसीचा आवाज ऐकू यायला लागला. उद्गारचिन्हवाल्याच्या हातातला वडा हातातच राहिला. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला आणि म्हणाले, “बरोबर आहे. तारीख मीच दिली होती. खाली सांगायची राहून गेली. चूक माझी.” मग डिस्पॅचच्या पोराकडे वळून, जरा हळू आवाजात: “तुला उगाच बोललो.”

कोर्सची फी, वही, खिडकी, पंधरा-पंधरा मिनिटांचं मौन... सगळं मिळून जे जमलं नव्हतं, ते चिटुकल्या डायरीतल्या एका ओळीनं केलं. आणि त्याच दुपारी तोच पोरगा आपण होऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला. त्याआधीच्या महिन्यातल्या एका चलनावर त्यानं चाळीसच्या जागी चौदा नग लिहिले होते आणि महिनाभर ते पोटात ठेवलं होतं. दार उघडंच होतं. आतून ओरडण्याचा आवाज आला नाही. वाईट बातमी वेळेवर यायला लागली, हा साहेबांचा त्या दिवसाचा नफा. रोख.

मला वाटलं, साहेब सुधारले. या सदराला आता दुसरा विषय शोधावा लागणार.

सोमवारी दहाला ग्रुपवर फाइल आली. चोवीस स्लाइड. पहिल्या स्लाइडवर साहेबांचा हात बांधलेला फोटो आणि खाली शीर्षक: ‘माझी नम्रता: एक केस स्टडी’.

दहा वाजून दोन मिनिटांनी बारा अंगठे. बारावा मामांचा. त्यांना नुकतंच ग्रुपवर घेतलंय.