शाळापारखी

मूल अडीच वर्षांचं झालं, की त्याच्या आईबापांच्या आयुष्यात एक गृहस्थ प्रवेश करतात. राहायला ते आधीपासून त्याच सोसायटीत असतात. रोज लिफ्टमध्ये भेटतात. पण तोवर पाण्याचा टँकर आणि पार्किंग यांपलीकडे त्यांनी तुमच्याशी कधी विषय काढलेला नसतो. मग एके सकाळी ते तुमच्या कडेवरच्या मुलाकडे बघतात, तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, "मग? कुठे घालताय?"

हे शाळापारखी. पुण्यातलं कोथरूड-बाणेर असो, ठाण्याचा घोडबंदर रोड असो की नाशिकचा गंगापूर रोड. जिथे चार इमारतींत मिळून एक क्लबहाउस आहे आणि सकाळी पावणेसातला फाटकाशी पाच शाळांच्या पाच बसगाड्या लागतात, तिथे हे असतातच. वय पस्तीस ते पंचेचाळीस. स्वतः बहुधा तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेले. त्या शाळेबद्दल ते दोनच प्रसंगी बोलतात. गणपतीत गावी जाऊन आल्यावर भरल्या गळ्याने, आणि आपल्या मुलाला तसल्या शाळेत का घातलं नाही हे सांगताना कोरड्या गळ्याने.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायला शाळांना बंदी केली. पहिल्यांदा नियम मोडला तर 25 हजारांपर्यंत दंड, पुढे दर खेपेला 50 हजारांपर्यंत. तेव्हापासून मुलाखत कुणी घेत नाही, 'इंटरॲक्शन' असते. शाळापारखींना मात्र हे कलम लागू नाही. ते राजरोस मुलाखत घेतात, तीही भाजीची पिशवी हातात असताना.

"बोर्ड कुठलं?"

"स्टेट."

"हं. आणि शाळा?"

आम्ही नाव सांगितलं.

"नाव कधी ऐकलं नाही," असं ते म्हणाले. त्यांनी ज्या शाळेचं नाव ऐकलेलं नाही ती एकतर नुकतीच निघालेली असणार किंवा लवकरच बंद पडणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. आमची शाळा खासगी, विनाअनुदानित, लहानशी. घरापासून चालत दहा मिनिटांवर. आजीला पोराला आणता येईल इतकी जवळ. बघायला गेलो तेव्हा बालवर्गाच्या बाई फरशीवर मांडी घालून मुलांबरोबर चिंचोके मोजत बसल्या होत्या. आम्हाला ते आवडलं. पारखींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खाली बसवतात?"

प्रत्येक उत्तरावर त्यांचा निकाल तयार असतो. मराठी माध्यम म्हणालात, तर "वा! कौतुक आहे हो तुमचं," हे वाक्य ते अनवाणी पंढरपूरला निघालेल्या माणसाला म्हणावं तशा सुरात म्हणतात. सेमी इंग्लिश म्हणालात, तर "म्हणजे धड ना इकडे, धड ना तिकडे." स्टेट बोर्ड असेल तर पुढे जेईई-नीटला जड जाणार असतं. सीबीएसई असेल तर "हल्ली सगळे तिकडेच धावतात, बघायचं बंदच झालंय." आयसीएसईत इंग्रजी सुधारतं, पण पोर्शनखाली पोरगं दबतं. आयबी म्हणालात, तर "परदेशी पाठवायचं पक्कं झालं वाटतं," आणि त्यामागोमाग नजर तुमच्या गाडीच्या मॉडेलवर. महापालिकेची शाळा हे उत्तर मात्र त्यांच्या अभ्यासक्रमाबाहेरचं आहे. बी विंगमधल्या नव्या भाडेकरूंनी ते बिनदिक्कत दिलं, तेव्हा पारखी घड्याळ बघत म्हणाले, "बरंय, निघतो." मुलीला घरीच शिकवायचं ठरवलेल्या एका जोडप्याला त्यांनी हळूच विचारलं, "बाकी सगळं ठीक आहे ना घरात?"

बरोबर उत्तर एकच, त्यांच्या मुलाची शाळा. पण तेही देऊन बघण्यात अर्थ नाही. एकाने दिलं. पारखी क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "मिळाली ॲडमिशन? आता सगळ्यांनाच देतात वाटतं."

पारखींची स्वतःची परिभाषा आहे. 'एक्स्पोजर' म्हणजे पोराला घोड्यावर बसवून काढलेला फोटो. 'होलिस्टिक' म्हणजे फी भरल्यानंतर वेगळी भरायची फी. आणि 'क्राउड'! शाळेबद्दलचा त्यांचा अखेरचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच असतो, "तिथला क्राउड कसा आहे?" शिक्षक कसे आहेत, वर्गात मुलं किती, मुतारीला पाणी असतं का, हे नंतर. आधी क्राउड. चार वर्षांची, नाकाला शेंबूड असलेली, डबा सांडणारी ती चाळीस पोरं म्हणजे हा क्राउड. त्यांतलं कोण कुणाचं, हे पारखींना जाणून घ्यायचं असतं. पोरांना अजून ते कळायला लागलेलं नसतं, म्हणून त्यांचं छान चाललेलं असतं.

या क्राउडपायी पारखींना एकदा फार मनस्ताप झाला. त्याच शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलले. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला यातून सूट दिली. पारखींनी त्या दिवशी कट्ट्यावर सगळ्यांना चहा पाजला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. "कोर्टाला शिक्षणातलं काय कळतं?" असं म्हणत त्यांनी आपापला चहा ज्याचा त्याला भरायला लावला. आणि त्याच साली, ज्या शाळेचा फॉर्म मिळवताना त्यांनी आमदारांच्या पीएपर्यंत ओळख काढली होती, त्याच शाळेत सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीचा सोडतीत नंबर लागला. वॉचमनने पेढे वाटले. पहिला पेढा पारखींना दिला, कारण शाळा किती भारी आहे हे त्याने त्यांच्याच तोंडून वर्षभर ऐकलं होतं. पारखींनी पेढा खाल्ला. संध्याकाळी ते आम्हाला म्हणाले, "शाळेचं पूर्वीसारखं राहिलं नाही."

इमारत तीच, शिक्षक तेच, फी वाढलेली. घसरलं ते नेमकं काय, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

पारखींच्या सौभाग्यवती वाढदिवसांच्या पार्ट्यांतून हेच काम करतात, फक्त त्या 'कुठे' विचारत नाहीत. "तुम्ही अजून स्विमिंगला नाही घातलं?" एवढाच प्रश्न त्यांना पुरतो. प्रश्न संपेपर्यंत समोरच्या आईच्या हातातला केक कडू झालेला असतो.

पारखींचा विरुद्ध पंथही आहे. त्याचे अध्वर्यू तळमजल्यावरचे काका. खासगी शाळा हा धंदा आहे, इंग्रजी ही गुलामी आहे आणि आमच्यासारख्यांनी मराठीचा गळा घोटला आहे, असं ते बागेतल्या बाकावरून रोज सांगतात. त्यांचे दोन्ही चिरंजीव अमेरिकेत आहेत आणि नातवाशी ते रोज रात्री व्हिडिओवर इंग्रजीत बोलतात. त्यात मात्र कुणाचा गळा घोटला जात नाही. एकदा ते माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, लोकमान्यांच्या पुण्यात खासगी इंग्रजी शाळेत पोराला घालता?" बायको शांतपणे म्हणाली, "काका, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि 1 जानेवारी 1880 ला टिळकांबरोबर पुण्यात शाळा काढली. ती खासगीच होती. आणि तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल." काका म्हणाले, "ते वेगळं." पुण्यात वाद इथे संपतो.

अर्थात काकांचं सगळंच चूक नाही. इंग्रजी शाळांतल्या पुष्कळ पोरांना एकोणसत्तर म्हणजे किती ते कळत नाही, हे आम्हीही बघतो. आणि त्याचा फटका पारखींनाही बसलाच. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. पारखींचे चिरंजीव 'माझा आवडता सण' हा दहा ओळींचा निबंध घेऊन घरी आले. वडिलांनी लिहायला घेतला. तिसऱ्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घावरून नवरा-बायकोत जुंपली. शेवटी वही घेऊन पारखी खाली आले आणि ज्यांचं त्यांनी अनवाणी पंढरपुरी कौतुक केलं होतं, त्या मराठी माध्यमवाल्यांच्या दाराची बेल वाजवली. त्यांच्या आठवीतल्या मुलीने अर्ध्या तासात निबंध लिहून घेतला. पारखी परतताना म्हणाले, "हुशार आहे हो पोरगी. कुठे घातलीय?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. विचारताना उत्तर ऐकायचं असतं, असा त्यांचा कधी दंडकच नव्हता.

मग ते विचारतात कशाला? याचा उलगडा आम्हाला शाळेच्या फीमुळे झाला. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा 2011 चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, त्याची कार्यकारी समिती असते, आणि शाळेने मांडलेली फी या समितीने मंजूर करायची असते. समितीवर पालक घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून. म्हणजे ज्याला शाळेची पारख करायची हौस आहे, त्याला कायद्याने खुर्ची देऊ केली आहे, पुढ्यात हिशेबाचे कागद ठेवले आहेत. पारखींच्या शाळेत त्यांच्याच नावाची चिठ्ठी निघाली. पारखी म्हणाले, "ऑफिसमधून वेळ होत नाही हो." फी वाढली. त्यांनी भरली. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला गाठून विचारलं, "तुमची किती आहे?"

आमचा आकडा ऐकताना त्यांचा चेहरा पाहिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गृहस्थांची दया आली. आमचा आकडा त्यांच्या एक चतुर्थांश होता. आमची शाळा टुकार आहे, हे सिद्ध होणं त्यांच्या दृष्टीने फार गरजेचं होतं. नाहीतर उरलेले तीन चतुर्थांश गेले कुठे, हा प्रश्न रात्री त्यांच्या उशाशी येऊन बसला असता. त्यांच्या शाळेच्या मॅडमना हा प्रश्न विचारायची त्यांना भीती वाटते. न जाणो, पोराकडे बघायची नजर बदलली तर? म्हणून जी उलटतपासणी शाळेची घ्यायची, ती ते लिफ्टमध्ये आमची घेतात. आमच्याकडून त्यांना कसलाच धोका नाही. आम्ही त्यांच्या पोराला कमी मार्क देऊ शकत नाही.

हे कळल्यापासून आमचा जाच संपला. त्याआधी आम्ही नाना उपाय केले होते. शाळेचं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी फोन बघितला. आकडे दिले, त्यांनी त्यांच्या मेव्हण्याचे आकडे दिले. "अजून ठरलं नाही" असं सांगून बघितलं. त्यांनी तीन शाळांचे फॉर्म आणून दिले. लिफ्ट सोडून जिने चढलो. वजन कमी झालं एवढाच फायदा. आता ते "कुठे घातलंय?" म्हणाले, की आम्ही म्हणतो, "जवळच." एवढंच. बोर्ड नाही, माध्यम नाही, तत्त्वज्ञान तर नाहीच. या उत्तरावर वाद घालायचा म्हणजे अंतर मोजावं लागतं, आणि त्यांच्या मुलाची बस दर खेपेला सव्वा तास घेते. पारखी म्हणतात, "हो, ते एक बरंय." मग त्यांची बस येते आणि ते पोराचं दप्तर उचलून पळतात. ते दप्तर बरंच जड आहे.

तेव्हा ज्यांची पोरं यंदा अडीच वर्षांची होत आहेत, त्यांना एवढंच सांगणं. लिफ्टमधल्या प्रश्नाला एका शब्दाच्या वर उत्तर देऊ नका. तुमचे प्रश्न शाळेसाठी राखून ठेवा आणि तिथे न लाजता विचारा. एका वर्गात मुलं किती? प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचं माप आहे, ते पाळता का? गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? फी समितीने मंजूर केली त्याचा कागद दाखवता का? चिठ्ठीत आपलं नाव निघालं तर समितीवर बसा. आणि पुढच्या वर्षी नवं बिऱ्हाड कडेवर पोर घेऊन लिफ्टमध्ये शिरलं, तर त्यांना पोराचं नाव विचारा. शाळेचं विचारायला तिसऱ्या मजल्यावर माणूस नेमलेला आहे.