नाही म्हणायची सोय

कंपनी कशी आहे, हे तिच्या वार्षिक अहवालात सापडत नाही. दुसऱ्या पाळीतला कंत्राटी पोरगा सुपरवायझरला ‘आज थांबायला जमणार नाही’ असं म्हणू शकतो का, आणि म्हणालाच तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटच्या आत घेतात का, यावरून कंपनी कळते.

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर उभं राहा. पर्मनंट कोण आणि ठेकेदाराचा कोण, हे बहुतेक वेळा विचारावंही लागत नाही. एकाच मशीनवर, एकच काम करणारे दोघं. पण पगार वेगळा, बूट वेगळे, कुठे कुठे कँटीनची रांगही वेगळी. सात महिने होत आले की ‘ब्रेक’ मिळतो, कारण २४० दिवस भरले तर कायदा पोराच्या बाजूने बोलू लागतो. आणि ठेकेदार बऱ्याचदा गावाकडचाच असतो. तक्रार केली की ती साहेबाआधी घरी पोचते. वडील म्हणतात, गप काम कर.

याच मुलखाला नोकरीत दुखावलेल्या दोन माणसांनी मोठं केलं, याची आठवण इथल्या मालकांनी ठेवायला हवी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठलं, लोखंडी नांगर केला. तिथली जागा गेली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंगाच्या त्या रानात त्यांनी शिक्षा भोगलेल्या दरोडेखोरांना कामावर घेतलं आणि पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना गाव दाराशी उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर अख्खी वसाहत झोपत होती. वरिष्ठांनी डावललेल्या माणसाने स्वतः वरिष्ठ झाल्यावर असं वागून दाखवलं, म्हणून मी त्यांना मोठं म्हणतो. नुसत्या नांगरासाठी म्हणत नाही.

दुसरे भाऊराव पाटील. ते आधी किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते होते, नंतर साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्याकडे गेले. कारखान्याच्या नफ्यातून बहुजनांच्या शिक्षणाला मदत करायचं ठरलं होतं आणि ते पाळलं गेलं नाही, असं भाऊरावांची चरित्रं सांगतात. भाऊराव बाहेर पडले. पुढे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही झाले. आज साताऱ्यात कुणालाही विचारा, त्या दोघांपैकी घराघरांत कुणाचं नाव आहे. भाऊरावांनी १९१९ साली काले गावात सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेत शिकलेल्यांच्या पिढ्या त्याचं उत्तर देतील.

लक्ष्मणराव आणि भाऊराव, दोघांनाही बाहेर पडता आलं. आजच्या पोराला ते जमत नाही. दुचाकीचा हप्ता आहे, बहिणीचं लग्न काढलंय, ऊस दीड एकर आणि भाऊ तिघं. म्हणून नेतृत्वाची खरी परीक्षा सोडून जाऊ शकणाऱ्या इंजिनीयरपाशी होत नाही. त्याच्याशी साहेबही जपून बोलतो. ज्याला जाता येत नाही त्याच्याशी साहेब कसा बोलतो, तिथे ती होते.

आणि ही परीक्षा आता कडक होणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाईमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकारने सांगितलं. ओव्हरटाईमचे दुप्पट पैसे कित्येकांना हवे आहेत, त्यांचं मी समजू शकतो. पण संमतीचा कागद ठेकेदाराच्या हातात, पेनही त्याचंच आणि ब्रेक द्यायचा अधिकारही त्याचाच असेल, तर त्या सहीला संमती म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. बारा तास प्रेसवर उभ्या राहिलेल्या माणसाची बोटं शेवटच्या तासाला कुठे असतात, हे कुठल्याही जुन्या फोरमनला विचारा.

मालक आणि मॅनेजर मंडळींना फार काही करावं लागणार नाही. संमतीचा कागद कंपनीच्या माणसाने, ठेकेदार समोर नसताना, मराठीत वाचून दाखवून घ्यावा. कँटीन एक करावी. मॅनेजरने महिन्यातून एक रात्रपाळी शॉपवर काढावी. आणि नोटीस बोर्डावर दर महिन्याला दोन आकडे लावावेत: जादा कामाला किती जणांनी नकार दिला, आणि त्यांतले किती जण आजही कामावर आहेत. पहिला आकडा शून्य असेल, तर कारखाना निरीक्षकाने त्याच दिवशी गेटवर येऊन उभं राहावं.