कात्री हरली, पडदा कुठे आहे?

तारापूर आणि जैतापूर यांच्या मधे कोण राहतं? आपण राहतो. उत्तरेला १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, दक्षिणेला राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर योजलेला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प आणि मधे आपलं रायगडातलं माणगाव. तारापूरच्या केंद्रापायी ज्यांची गावं उठली त्यांचं पुढे काय झालं, हे आपल्या बाजारपेठेत विचारून बघा. धड सांगणारा विरळाच भेटेल. ते सांगणारा माहितीपट मात्र केव्हाच तयार झालेला आहे, जेमतेम अर्ध्या तासाचा आहे आणि त्यातली माणसं आपल्यासारखीच मराठीत बोलतात.

‘हाय पॉवर’ त्याचं नाव. प्रदीप इंदुलकर यांनी तो केला. हे गृहस्थ कुणी बाहेरून आलेले हौशी कॅमेरावाले नव्हेत. भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी केलेले इंजिनिअर आहेत. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं हलवली गेली. शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची गावं. ५४० मेगावॅटच्या त्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. दारापासून चार पावलांवर समुद्र असलेल्या माणसाला पुनर्वसन वसाहतीत घर दिलं की सरकारी वहीत हिशेब मिटतो. पण होडी कुठे लावायची? जाळी कुठे सुकवायची? बाईनं म्हावरं घेऊन कुठल्या बाजारात बसायचं? हे प्रश्न त्या वहीत नसतात. केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि ते तापलं की परत समुद्रात सोडतात. किनाऱ्यालगतच्या मासळीवर जगणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी तज्ज्ञ येऊन समजावून द्यावा लागत नाही.

२०१३ साली रिओ दि जानेरोच्या युरेनियम चित्रपट महोत्सवात या माहितीपटाला ‘यलो ऑस्कर’ मिळालं. पालघरच्या किनाऱ्यावरचं दुःख ब्राझीलपर्यंत पोचलं. माणगाव, महाड, चिपळूणमध्ये ते किती जणांनी पाहिलं? आमच्या तालुक्यात त्याचा जाहीर खेळ झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. याची मला लाज वाटते, कारण या माहितीपटाची गरज रिओपेक्षा आम्हाला जास्त आहे.

‘अणुभट्टी आमच्याकडे थोडीच येतेय’ असं म्हणणाऱ्यांनी घरातला सातबारा काढून बघावा. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातल्या दिघी बंदर औद्योगिक क्षेत्रासाठी माणगाव, रोहा, तळा या तालुक्यांतल्या गावांना भूसंपादनाच्या नोटिसा आल्या, तेव्हा इथल्याच शेतकऱ्यांनी विरोध केला होता. सर्वहारा जन आंदोलन इथेच उभं राहिलं. पेण तालुक्यात २००८ साली सेझवर जनमत घेतलं गेलं तेही याच जिल्ह्यात. प्रकल्पग्रस्त म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला पुस्तक लागत नाही. म्हणूनच पोफरणच्या माणसाचा शब्द माडबनच्या आणि माणगावच्या माणसाला सगळ्यात आधी ऐकू यायला हवा. जाहिरात कंपनी करते, खुलासा सरकार करतं, आणि ज्याचं घर गेलं त्याचं म्हणणं कुणीतरी कॅमेऱ्यात धरून ठेवावं लागतं.

धरून ठेवणं सोपं नाही. १९६२च्या अणुऊर्जा कायद्यानं या विषयातल्या माहितीला कुलूप घातलं होतं. त्यावर सेन्सॉरची कात्री होतीच. पोखरणचे स्फोट ११ मे १९९८ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी झाले. त्यानंतर माहितीपटकार आनंद पटवर्धन कॅमेरा घेऊन निघाले आणि भारत, पाकिस्तान, जपान, अमेरिका फिरून २००२ मध्ये त्यांनी ‘जंग और अमन’ पुरा केला. सेन्सॉर मंडळानं त्यात एकवीस काटछाटी मागितल्या. पुढाऱ्यांची भाषणं काढा, अगदी पंतप्रधानांचंही काढा, इथवर मजल गेली. देशाच्या पंतप्रधानानं उघड्या मैदानात, माइकवर, हजारो लोकांसमोर केलेलं भाषण लोकांनी पुन्हा ऐकलं तर कुणाचं काय बिघडतं? पटवर्धन कोर्टात गेले. एप्रिल २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एकही कट न करता प्रमाणपत्र द्यायला सांगितलं. लढाई पूर्ण जिंकली.

‘जंग और अमन’मधला एक प्रसंग मी कुणालाही पहिल्यांदा दाखवीन. पाकिस्तानातली एक शाळा. मुली वादविवाद स्पर्धेत अणुबॉम्बच्या बाजूनं तावातावानं बोलतात, टाळ्या पडतात. मग पटवर्धन त्यांच्याशी निवांत गप्पा मारतात, आणि त्याच मुली कबूल करतात की त्यांना मनातून तसं वाटत नाही. बॉम्बच्या बाजूनं जोरदार बोलणं सोपं जातं. आपल्या शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत परीक्षक म्हणून बसणाऱ्या प्रत्येक गुरुजींनी आणि बाईंनी हा प्रसंग पाहावा. युद्धखोरी किती लहान वयात पाठ होते आणि किती चटकन गळूनही पडू शकते, हे त्या चार मिनिटांत जितकं कळतं तितकं अग्रलेखांतून कळत नाही.

कुणी म्हणेल, बॉम्बविरुद्ध असं बोलायचा या माहितीपटवाल्यांना काय अधिकार? मग आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचं नाव घेतो. ॲडमिरल एल. रामदास. १९७१च्या युद्धातले वीरचक्र विजेते, १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिले आणि भारत-पाकिस्तान शांततेसाठी झटले. २००४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाच्या अपघाताला जेमतेम दीड महिना होत असताना, निघालेल्या तारापूर-जैतापूर यात्रेला त्यांची साथ होती. पोलिसांनी ती यात्रा अडवली, माणसांना ताब्यात घेतलं. त्याच आठवड्यात, १८ एप्रिलला, जैतापूरजवळच्या साखरीनाट्यात प्रकल्पविरोधकांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला होता. तारापूरची माणसं जैतापूरच्या माणसांना आपली हकिगत सांगायला निघतात आणि त्यांना वाटेत थांबवतात! ज्यांनी थांबवलं त्यांना त्या हकिगतीची ताकद बरोबर ठाऊक होती.

आणि लिहिणाऱ्याचं काय होतं, तेही माणगाववरून जाणाऱ्या महामार्गावरच दिसलं. ६ फेब्रुवारी २०२३. राजापूर, म्हणजे माडबनचाच तालुका. बारसूच्या नियोजित रिफायनरीवर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीला गाडीनं चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयीची त्यांची बातमी हल्ल्याच्याच दिवशी छापून आली होती, त्यालाच पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली पकडलं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ सालीच कायदा मंजूर केला होता. तो कायदा वारिसेंच्या दुचाकीच्या आड आला नाही. महाडात जन्मलेल्या शिवराम महादेव परांजप्यांना १९०८ साली राजद्रोहाखाली तुरुंगात घातलं, १९१०मध्ये जबर जामीन मागून त्यांचं ‘काळ’ साप्ताहिक बंद पाडलं. ते परकं सरकार होतं. वारिसे गेले ते आपल्या राज्यात, आपल्या रस्त्यावर, भर दुपारी.

म्हणून माहितीपटाला मी करमणुकीच्या रांगेत बसवत नाही. बातमीदाराला गप्प करता येतं, फाईल कुलपात ठेवता येते, यात्रा अडवता येते. तयार झालेला माहितीपट थांबवायला मात्र फार कष्ट पडतात, आणि ‘जंग और अमन’च्या बाबतीत ते कष्टही वाया गेले. २००४ साली मुंबईच्या सरकारी महोत्सवात जागा न मिळालेल्या माहितीपटांसाठी दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ भरवला होता. त्यांना जागा मिळाली, प्रेक्षक मिळाले. आमच्याकडे कुणी बंदी घातलेली नाही, कुणी दारात पोलीस उभे केलेले नाहीत. आम्ही नुसता पडदाच लावत नाही.

गणपतीत याच माणगावात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते. मंडळं वर्गणी गोळा करतात, ऑर्केस्ट्रा आणतात, रात्रभर स्पीकर लावतात. एका रात्रीचा एक तास मागतोय. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो, पांढरी चादर घरात असते. दिग्दर्शकाला पत्र लिहून परवानगी मागायची. आधी ‘हाय पॉवर’, जमलं तर दुसऱ्या रात्री ‘जंग और अमन’. अणुवीज हवी असं मानणाऱ्यांनीही जरूर यावं, पाहून झाल्यावर उठून बोलावं, वाद घालावा. ज्यांना मंडळाचा भरवसा नाही त्यांनी १ मेच्या ग्रामसभेआधी सरपंचांकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा की सभा संपल्यावर त्याच सभागृहात हा माहितीपट दाखवा. नकार आला तर तो लेखी मागून घ्यावा.