नारिंगी दगडाचे उपासक

पुण्याहून सातारा हमरस्त्यानं साधारण 110 किलोमीटर. हे गृहस्थ मात्र सांगायला लागले की आधी कोंढव्यातून बोपदेव घाट चढवतात, सासवडवरून परिंचे, वीर करत लोणंदला नेतात, सालपे घाटातून वाठारला काढतात आणि मग कुठे साताऱ्याची वेस दाखवतात. "फार नाही, वीसेक किलोमीटरचा फरक," असं वर म्हणतात. हा हिशेब वाट न चुकल्यास धरलेला असतो आणि वाट न चुकता ते कधी पोचल्याची घरात नोंद नाही. वाटेत बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलंच तर अभिमानानं उत्तर येतं, "काहीच नाही!"

प्रत्येक मोठ्या सोसायटीत हल्ली असा एक आडवाटेचा सायकलवाला असतोच. घट्ट रंगीत कपडे घालून पहाटे हायवेवर टोळीनं पळणाऱ्या मंडळींतला हा नव्हे. त्यांचा विषय निघाला की "चांगली मुलं आहेत" एवढं बोलून हे गप्प बसतात. यांची सायकल पोलादी, टायर जाड, मागे कॅरियर आणि त्याच्या दोन अंगांना लोंबत्या पिशव्या. पिशव्यांत पंप, सोल्युशनची ट्यूब, शेंगदाण्याची चिक्की आणि बायकोनं बळंच कोंबलेल्या दशम्या. हँडलला एक खणखणीत घंटीही आहे. ती ऐकायला त्यांच्या रस्त्यावर कुणी नसतं, हीच त्यांची कमाई. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे, यावर इतर सायकलवाले करवादतात. यांना त्यात सरकारची माया दिसते.

रस्त्याची जात ते दगडावरून ओळखतात. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असलं की राष्ट्रीय महामार्ग. यांचा चेहरा उतरतो. हिरवं असलं की राज्यमार्ग. नाइलाज म्हणून सोसायचा. नारिंगी डोकं दिसलं की समजावं, ग्रामीण मार्ग लागला. तिथे हे उतरतात, पाणी पितात आणि दगडाचा फोटो काढतात. मोबाइलमध्ये नातवापेक्षा दगडांचे फोटो जास्त आहेत. बांधकाम खात्याची भाषा तर जिभेवर नाचते: रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा, म्हणजे राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. पुतणीला सांगून आलेला मुलगा बघून आल्यावर "प्रजिमा वाटतो. सरळ आहे, पण वर्दळीतला," असं मत देऊन त्यांनी घरातला अबोला ओढवून घेतला होता.

मोबाइलचा नकाशा जवळची वाट दाखवतो, म्हणून त्यावर त्यांचा विश्वास नाही. भिंतीवर सर्वेक्षण खात्याचा 47 एफ 14 हा पुण्याचा तक्ता लावलाय. जेवून हात वाळेपर्यंत ते त्यातल्या तुटक रेघा न्याहाळत उभे असतात.

रस्ता शांत का राहतो, याची त्यांची उपपत्ती पक्की आहे. दोन मोठ्या गावांना जोडणारा रस्ता शांत राहत नाही, टोलनाका चुकवणारा तर मुळीच नाही. रस्ता असा हवा, की जो धरणाच्या भिंतीशी नाहीतर डोंगराच्या पायथ्याशी जाऊन संपतो. पुढं गावच नाही, मग गाड्या जातील कुठे? गावाची प्रत ठरवायची ती एसटीवरून. दिवसाला आठ फेऱ्या असतील तर गाव बाद. सकाळची एक आणि संध्याकाळची मुक्कामी, एवढंच असेल तर अव्वल. स्थानकावर चौकशीच्या खिडकीशी जाऊन कुठल्या गावाला गाड्या कमी, असं विचारणारा माणूस आख्ख्या डेपोनं दुसरा पाहिलेला नाही. "तुम्हाला जायचंय कुठं?" असं आतून कुणी खेकसलं, तर हे शांतपणे सांगतात, "तेच ठरवतोय."

सपाटीवरचं त्यांचं दैवत म्हणजे नीरा डावा कालवा. वीरहून बारामती, इंदापूरकडे जाणारा, इंग्रजी अमदानीतला. पाणी आपल्या आपण वाहावं म्हणून कालवा अगदी नावाला उतार ठेवून आखलेला असतो, त्यामुळे त्याच्या काठानं जाणाऱ्या वाटेला चढ म्हणून नाही. "साहेबानं माझ्या गुडघ्यांसाठी खणलाय," असं ते सांगतात. काठाला बाभळी आहेत आणि जमिनीवर सराटे, हे मात्र साहेबानं सांगितलेलं नाही.

पंक्चर झालं की ट्यूब काढून, हवा भरून, ती गालाजवळून फिरवत, डोळे मिटून ते फुसफुस शोधतात. तोवर चार पोरं, दोन म्हातारे आणि एक शेळी जमते. अखेर एक पोर ट्यूब हातातून घेतं, जनावरांच्या हाळात बुडवतं आणि बुडबुड्यांवर बोट ठेवून म्हणतं, "काका, हितं." मग काका तेवढी जागा खरवडतात, सोल्युशन लावतात, वाळेपर्यंत फुंकर घालतात, ठिगळ दाबतात, चाक चढवतात आणि सगळ्यांचे आभार मानून निघतात. शंभर पावलांवर पुन्हा फुस्स! टायरमधला काटा तसाच राहिलेला असतो.

"मला म्हाईत हुतं," पोर मागून येत म्हणतं. "पर तुमी इचारलंच न्हाई."

गर्दीला कंटाळलेला हा माणूस लोकांत मात्र तास तास रमतो. पाराशी थांबला की पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याची हो सायकल?" या सायकलीला तीन किमती आहेत. पारावर सात हजार, बायकोजवळ अठरा हजार आणि खरी किंमत फक्त दुकानदाराला आणि बँकेला ठाऊक. सात हजार ऐकूनही आजोबा कळवळतात, "एवढ्यात गाभण शेळी आली असती की, पाव्हणं!" पुढचा प्रश्न त्याहून अवघड.

"हायवेनं का न्हाई गेलासा?"

"गर्दी फार असते हो."

"मंग?"

आजोबांना खरंच उलगडा होत नाही. त्यांचे टोमॅटो त्या गर्दीत विकले जातात, नातू त्या गर्दीत नोकरी करतो आणि डोळ्यांचा दवाखानाही तिथलाच. "गर्दी हाय म्हून तर रस्ता हाय न्हवं?" या सवालाला आमच्या गृहस्थांजवळ जवाब नसतो. ते आणखी एक चहा सांगतात.

एकदा रस्त्यावर हुलगा पसरलेला पाहून ते अदबीनं उतरले आणि सायकल हातात धरून कडेनं निघाले. शेतकरीणबाई म्हणाल्या, "वरनंच जावा की, तेवढीच मळणी हुईल." हे खुशीत वरून गेले. बाईंनी खाली वाकून शेंगा पाहिल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. टॅक्टरच लागतूय."

हिवाळ्यात स्वारी कोकणात उतरते. सागरी मार्गानं दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन; वाटेतल्या खाड्या फेरीबोटीनं पार करायच्या. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. फेरीबोटीइतका उत्तम वाहतूक पोलीस त्यांनी पाहिलेला नाही. गाड्या येणार त्या बोटीभरच, आणि त्या एकदा निघून गेल्या की पुढची बोट लागेपर्यंत रस्ता मोकळा. म्हणून जेटीवर उतरायचं, सगळ्या मोटारींना पुढे जाऊ द्यायचं, निवांत कोकम सरबत घ्यायचं आणि मग टांग मारायची. आता या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ही बातमी वाचून ते दिवसभर जेवले नाहीत. पण एका जेटीवर सरबतवाल्या बाईंजवळ त्यांनी हे दुःख उघड केलं, तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं की शेवटची बोट गेल्यावर रात्री बाळंतीण अडली तर तिला पलीकडे कशी न्यायची. गृहस्थांनी सरबताचे पैसे दिले आणि सुटे परत घेतले नाहीत.

त्यांची खरी अडचण इथेच आहे. रस्ता चांगला झाला म्हणून हळहळणारा करदाता शोधायचा तर हाच सापडेल. खड्डा म्हणजे रस्त्याचा राखणदार, तो आहे तोवर मोटारवाले फिरकत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत. पावसाळ्यात वरंधा घाट वाहनांना बंद झाल्याची बातमी ते मोठ्यानं वाचून दाखवतात. उलट कडेला खडीचे ढीग आणि डांबराची पिंपं दिसली की "गेला, हाही गेला" म्हणत टोपी काढतात. ज्या शांततेवर हे लुब्ध, तिच्यातून सुटायला गाव वर्षानुवर्षं अर्ज करतंय, हे त्यांना कळत नाही असं नाही. कळतं, म्हणून तर पारावर ते या विषयाला हात घालत नाहीत.

परवा विषयच त्यांच्याकडे चालत आला. त्यांच्या सर्वांत लाडक्या, धरणाशी संपणाऱ्या रस्त्यावर सरपंचांनी त्यांना गाठलं. "साहेब, शिकलेले दिसताय. रस्त्यासाठी अर्ज करतोय, जरा नजर टाका." गृहस्थांनी कागद घेतला. अर्जात 'रस्ता लई खराब आहे' यापलीकडे काही नव्हतं. त्यांच्यातला जाणकार खवळला. "असं नाही चालत. ग्रामीण मार्गाची प्रमुख जिल्हा मार्गात दर्जोन्नती मागायची. मग रस्ता जिल्हा परिषदेकडून बांधकाम खात्याकडे जातो." चष्मा लावून त्यांनी पानभर मजकूर लिहिला. रस्त्याची लांबी, मोऱ्या, खचलेल्या साइडपट्ट्या, कुठल्या किलोमीटरला कुठला खड्डा, सगळं तोंडपाठ. असा अर्ज जिल्ह्यात आजवर गेला नसेल. शेवटचा पूर्णविराम दिल्यावर आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि पेन हातातच राहिलं.

"सरपंच," त्यांनी हळूच विचारलं, "मंजूर होऊन काम व्हायला किती दिवस लागतात?"

"दिवस? दहा-बारा वर्षं धरा, साहेब."

गृहस्थांचा चेहरा एकदम खुलला. अर्जाखाली साक्षीदार म्हणून त्यांनी लफ्फेदार सही ठोकली आणि शेजारच्या वाडीचा अर्जही आणायला सांगितला.