कुकराख्यान

आपण ज्याला अप-डाऊन म्हणतो, त्याला अण्णा मोहीम म्हणतात. सकाळी लोणावळ्याहून लोकल धरायची, शिवाजीनगरच्या कचेरीत फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी उलट गाडीने घरी यायचं, एवढंच तर असतं. पण अण्णांच्या चपलेचा अंगठा तुटला तरी त्यात दैव, शत्रू आणि साहाय्यक अशी तिन्ही पात्रं सापडतात. असा एकजण लोकलच्या प्रत्येक डब्यात असतोच. आमच्या डब्याचं भाग्य एवढंच, की आमचा एम. ए. मराठी आहे.

त्यामुळे अण्णा नुसती थाप मारत नाहीत, शास्त्राला धरून मारतात. महाकाव्यात काय काय हवं याची यादी दंडीने काव्यादर्शात देऊन ठेवली आहे: नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय, उद्यान, जलक्रीडा, मद्यपान, विरह, विवाह, पुत्रजन्म, मसलत, दूत, स्वारी, युद्ध आणि शेवटी नायकाचा उत्कर्ष. मद्यपान वगळता अण्णा काही सोडत नाहीत. तेही काकू लोणावळ्यात आहेत म्हणून. विश्वनाथाने साहित्यदर्पणात आठांहून अधिक सर्ग सांगितले आहेत. शिवाजीनगर ते लोणावळा स्थानकं सोळा. अण्णांची सोय रेल्वेनेच केलेली आहे. सर्ग संपताना पुढच्या सर्गाची चाहूल द्यावी, असंही विश्वनाथ म्हणतो. म्हणून स्टेशन आलं की अण्णा उठणाऱ्याच्या दंडाला धरून म्हणतात, "उतरा तुम्ही, पण खरी गंमत पुढेच आहे."

गेल्या श्रावणातली गोष्ट. अण्णांच्या घरच्या कुकरची रिंग गेली होती. शिट्टी होईना, नुसती वाफ फुसफुसायची. ती रिंग आणायला अण्णा हाफ-डे टाकून रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन आले होते. मी कामशेतचा, पण त्या दिवशी लोणावळ्याला बहिणीकडे पूजेला निघालो होतो. त्यामुळे मला जन्मात पहिल्यांदा अण्णांचं महाकाव्य पूर्ण ऐकायला मिळणार होतं.

गाडी हलली. अण्णांनी कार्ल्याच्या एकवीरेला खिडकीतून हात जोडले. झालं मंगलाचरण. आणि खडकी यायच्या आत थेट आवाज चढवला, "आणि बघतो तर काय, हातात रिंग तीन लिटरची!"

डब्यातली दोन माणसं दचकली. सुरुवात अशी मधूनच करायची, हे अण्णा होमरकडून शिकले. ट्रॉयचं युद्ध दहाव्या वर्षात आल्यावर इलियड सुरू होतं. अण्णांचं, दुकानदाराने पहिली रिंग चुकीची दिल्यावर. मग कासारवाडीपर्यंत मागे जाऊन नगरवर्णन, आणि पिंपरी-चिंचवडदरम्यान बोहरी आळीतल्या मालाची मोजदाद: झारे, चाळण्या, किसण्या, बिजागऱ्या, कड्या, नळाचे वायसर. होमरने दुसऱ्या सर्गात जहाजांची अशीच जंत्री दिली आहे आणि तिथेही ऐकणारे पेंगत असावेत. चिंचवडला अर्धा डबा रिकामा झाला. त्या मंडळींच्या मनात अण्णा कायमचे, शंभर किसण्यांच्या वेढ्यात एकटे उभे असलेले वीर म्हणून राहिले आहेत.

देहूरोडला उपमा सुरू झाली. "जसा आषाढात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोट उतरतो..." आता भुशी धरण आलं म्हटल्यावर, ते रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलं, हे आलं, पायऱ्यांवर भिजायला आलेली मुंबईची मंडळी आली, त्यांच्या हातातली भाजलेली कणसं आली, ओली कणसं खाऊन होणारी पोटदुखी आली. तळेगावच्या आउटरला गाडी थांबली तेव्हा कुठे "तसा" आला: "...तसा तो दुकानदार माझ्यावर चालून आला!" बेगडेवाडी आणि घोरावाडीच्या लोकांच्या वाट्याला नुसता "जसा" आला. ते धरणाची माहिती घेऊन घरी गेले.

तळेगावला उतरणारी एक कॉलेजची मुलगी आहे. ती म्हणाली, "अण्णा, जोसेफ कॅम्बेल म्हणून एकजण आहे. १९४९ सालचं त्याचं पुस्तक. तो म्हणतो, जगभरच्या सगळ्या नायकांचा प्रवास एकच. आधी हाक येते, मग नायक तिला नकार देतो..."

"तीन आठवडे दिलाय," अण्णा म्हणाले. "ही रोज हाक मारत होती."

वडगाव आलं की अण्णा इष्टुर फाकड्याला नमस्कार करतात. कॅप्टन स्टुअर्ट. १७७९च्या जानेवारीत इंग्रजांची फौज घाट चढून पुण्यावर निघाली, तेव्हा तो कार्ल्याला मराठ्यांच्या तोफगोळ्याने गेला. मराठ्यांनी शत्रूच्या त्या शूर माणसाला 'फाकडा' म्हटलं, आणि वडगावात त्याचं थडगं आहे. "शत्रू मोठा केल्याशिवाय आपण मोठे होत नाही," असं म्हणून अण्णांनी त्या दुकानदाराची उंची एक वीतभर वाढवली. खडकीला तो चष्मा कपाळावर घेतलेला म्हातारा होता. कान्ह्याला त्याच्या मनगटाची शीर तटतटलेली दिसू लागली.

कामशेत आलं. एरवी मी इथे उतरतो, म्हणून अण्णांच्या एकाही मोहिमेचा शेवट मला ठाऊक नव्हता. डब्यात कोणालाच नव्हता. प्रत्येकाकडे आपापल्या स्टेशनपर्यंतची पोथी. मध्यंतरी मी हौसेने ताडून पाहायला लागलो होतो: आकुर्डीच्या पाठात अण्णा टी.सी.ला सुनावतात, तळेगावच्या पाठात टी.सी. अण्णांना. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ला हाती घेतली आणि १९६६ला पुरी केली; हजारावर हस्तलिखितं तपासून, मागाहून घुसलेलं ते प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढलं. माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत. अण्णांना हा उद्योग सांगितला तेव्हा ते फार खूश झाले होते. "प्रक्षिप्त काढाच," म्हणाले, "लोक काहीही घुसडतात."

मळवली गेल्यावर डब्यात आम्ही दोघंच उरलो. लोहगड-विसापूर ढगात गेले होते. आणि अण्णा गप्प! मी म्हटलं, "पुढे?" त्यांनी नुसती पिशवी चाचपली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या ओडिसियसने एकडोळ्या राक्षसाला फसवलं, समुद्र पालथे घातले. पण हे सगळं सांगतो कोण, तर तोच, परक्या राजाच्या पंगतीत. साथीदार तर सगळे वाटेत संपलेले. अण्णांचेही साथीदार एकेका स्टेशनला गळाले होते. आज मात्र एक साक्षीदार लोणावळ्यापर्यंत जिवंत आला होता, आणि त्याने पंचाईत झाली होती.

"शिंग्रोबाचं देऊळ बघितलंय?" अण्णांनी एकदम विषय काढला. घाटातलं ते देऊळ कोणाला ठाऊक नाही! साहेबाला बोरघाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगराने दाखवली. बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका. १८६३ला घाटातून रेल्वे सुरू झाली. अजून ड्रायव्हर जाता-येता त्याच्यापुढे नाणं टाकतात. "याला म्हणतात नायक," अण्णा म्हणाले. "घरी जाऊन काही सांगावं लागलं नाही."

लोणावळ्याला फलाटावरच्या कुत्र्याने अण्णांना ओळखलं. इथाकाच्या कुत्र्याने वीस वर्षांनी ओळखून प्राण सोडला होता. याने अर्धं बिस्किट खाल्लं. पाऊस धो धो. "चहा घेऊनच जा," अण्णा म्हणाले. त्यांच्या चाळीखाली भांड्यांचं एक छोटं दुकान आहे. अण्णा त्याच्याकडे न बघता पुढे झाले. मी बघितलं. दारात खिळ्याला रिंगांचा झुबका लटकत होता, लहानापासून मोठ्यापर्यंत.

आम्ही जिना चढलो. दाराशी पोचलो आणि आतून खणखणीत शिट्टी झाली.

अण्णांचा हात कडीवर तसाच राहिला. दुसरी झाली. तिसरी झाल्यावर आतून काकूंचा आवाज आला, "आलात का? हात-पाय धुवा, भात झालाच."

अण्णांनी पिशवीतली रिंग काढली, आठाच्या आकड्यासारखी पिळली आणि पँटच्या मागच्या खिशात कोंबली. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "एवढा भाग प्रक्षिप्त धरा."