आग साडेअकरा वाजता लागेल

'उद्या सकाळी ठीक ११.३० वाजता दुसऱ्या मजल्यावर आग लागेल. सर्व कर्मचाऱ्यांनी स्वच्छ गणवेशात उपस्थित राहावे. अल्पोपाहाराची सोय केली आहे.'

पनवेलमधल्या एका रुग्णालयाच्या फलकावर ही सूचना लागली होती. रुग्णालयाचं नाव विचारू नका. तुमचे काका जिथे ॲडमिट होते, तेच समजा.

साडेअकरा वाजले, पण आग काही लागेना. प्रमुख पाहुणे कळंबोली सर्कलला अडकले होते. सव्वाबारापर्यंत आगीने वाट पाहिली. आमच्या पनवेलची आगसुद्धा मानपान जाणते. साहेब आले, नारळ फुटला, बादलीत ओलं पोतं पेटवून धूर झाला आणि सायरन वाजला. ओपीडीतली गर्दी पळाली खरी, पण शूटिंग काढायला, म्हणजे धुराच्या दिशेने.

खऱ्या पेशंटना त्रास नको म्हणून पेशंटच्या जागी एका वॉर्डबॉयची नेमणूक झाली होती. अख्ख्या इमारतीत सर्वांत धडधाकट तोच. त्याला स्ट्रेचरला बांधून चौघे जिन्याने निघाले. जिन्याच्या वळणावर जुन्या केसपेपरांचं लोखंडी कपाट. स्ट्रेचर वळेना. थोडी चर्चा झाली, मग पेशंटच पट्टे सोडून उठला, चौघांच्या बरोबरीने कपाटाला खांदा लावला, ते सरकवलं आणि पुन्हा आडवा झाला. 'हळू घ्या रे,' म्हणाला, 'सिरियस आहे मी.' टाळ्या पडल्या. खाली 'एकत्र जमण्याची जागा' अशी हिरवी पाटी होती आणि पाटीखाली मोठ्या डॉक्टरांची गाडी. तेव्हा सगळे गेटबाहेर रिक्षा स्टँडवर जमले. वेळ सात मिनिटं, जीवितहानी शून्य. मग वडापाव.

कागदोपत्री आपण कुणाला हार जाणार नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत 'नमुना ब' भरून द्यायचा: आमची यंत्रणा चालू स्थितीत आहे. परवानाधारक एजन्सी सही करते, यंत्रणा चालू होते. निदान त्या कागदावर तरी.

पण आगीचं वेळापत्रक पाहा. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बालकांचा कक्ष: मध्यरात्र उलटून गेल्यावर. १० बाळं गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपला मॉलच्या वरच्या मजल्यावर थाटलेलं सनराइज रुग्णालय: मध्यरात्रीच्या सुमारास. २३ एप्रिलला विरारच्या विजय वल्लभचा आयसीयू: पहाटे तीननंतर, त्या दिवशी १३ बळी. पाचच दिवसांनी मुंब्र्याचं प्राइम क्रिटिकेअर, तेही पहाटेच. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये नव्वदीच्या घरात माणसं गुदमरली, तीही पहाटे. दिवसाउजेडी लागली ती एक नगरच्या जिल्हा रुग्णालयातली, नोव्हेंबर २०२१ ची. तिथेही अतिदक्षता विभागातले ११ जण गेले. म्हणजे सकाळच्या आगीतही निभाव लागत नाही, आणि आमची ड्रिल मात्र नाश्त्याच्या वेळेला.

आणि संकट म्हणजे आगच असं कुठे आहे? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, तेव्हा पाण्याने वेढलेल्या अपरांत रुग्णालयात आठ कोविड रुग्ण दगावले. आमची गाढी नदी २००५ च्या जुलैत शहरात फिरून गेली आहे. तिला रस्ते ठाऊक आहेत. शेजारी तळोजा एमआयडीसी. तिथून वायू सुटला तर पेशंटना रिक्षा स्टँडवर नेऊन चालणार नाही, उलट दारं-खिडक्या लावून आत ठेवावं लागेल. पण ड्रिलला आगच बरी. फोटोत दिसते.

अग्निसुरक्षेतले जाणकार सांगतात, आयसीयूतला पेशंट आधी खाली न्यायचा नसतो, बाजूला न्यायचा असतो. त्याच मजल्यावर, अग्निरोधक दाराच्या पलीकडच्या भागात. दार लावून घ्यायचं, म्हणजे धूर अडतो. माणूस जळण्याआधी धुरानेच मरतो. लिफ्ट वापरायची नाही, वेळ पडली तर गादीसकट ओढत न्यायचं. आमच्या रुग्णालयात असं दार आहे, भक्कम आहे. फक्त ट्रॉली ढकलताना सारखं आड येतं म्हणून ते कायम उघडं ठेवलंय, आणि आपोआप मिटू नये म्हणून त्याला भरलेला ऑक्सिजन सिलिंडर टेकवलाय.

आता पनवेलच्या कुशीत विमानतळ झाला. मोठ्या विमानाला परवाना मिळण्याआधी कंपनीला दाखवून द्यावं लागतं की अर्धी दारं बंद आणि अंधार असतानाही सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडतात. तिथले प्रवासी निदान स्वतःच्या पायांनी धावतात. इथल्या 'प्रवाशा'च्या नाकात नळी, हातात सलाईन.

कार्यक्रम संपता संपता आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर आल्या. 'सर, आमच्याकडच्या अकरा जणांचं काय?' व्यवस्थापकांनी अहवाल उलटून पाहिला. 'ते ड्रिलमध्ये नव्हते, सिस्टर.' सिस्टरांनी बोटांवर हिशेब मांडला: व्हेंटिलेटरचा एक पेशंट हलवायला चार माणसं, त्यातलं एक फक्त ॲम्ब्यू बॅग दाबायला, आणि नाइटला दोन सिस्टर, एक मामा.

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, 'साहेब, पुढची ड्रिल रात्री तीनला घेऊन बघा की.'

व्यवस्थापकांनी हातातला वडापाव खाली ठेवला.

'रात्री तीनला? अहो, ड्रिलला माणसं लागतात. त्या वेळी इथे असतं कोण?'