वॉरंटीत न बसणाऱ्या लेपाविषयी खुले पत्र

प्रति,
माननीय सेवा व वॉरंटी विभाग
(कंपनीचे नाव सौजन्यापोटी गाळले आहे)

विषय : जीपीएस यंत्राच्या पडद्यावरचा उडालेला लेप आणि विभागाची अगाध विद्वत्ता

हातात धरून वापरायच्या बहुतेक जीपीएस यंत्रांत एलसीडीच्या पुढे पारदर्शक प्लास्टिकचे तावदान असते आणि त्याच्यावर चकाकी रोखणारा लेप. त्याची जाडी काही मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून, अणुघड्याळाच्या साक्षीने वेळ कळवतात. मोकळ्या आकाशाखाली यंत्र त्यावरून काही मीटरांच्या आत जागा सांगते. एवढा सगळा पल्ला बिनबोभाट पार पडतो आणि शेवटच्या काही मायक्रॉनवर गाडे अडते. अशा पडद्यावर उन्हाचाच उजेड आत जाऊन परत फिरतो, म्हणजे तो तावदान दोनदा ओलांडतो. लेप बिघडला की नुकसानही दोनदा होते.

लेप जाण्याची कारणे साधी आहेत. पडदा बाहीने पुसला की धुळीतले कण त्यावर ओरखडे काढतात. सनस्क्रीन त्रास देते. सर्वांत वाईट डीट. १९४६ पासून अमेरिकी लष्कराने वापरलेले हे डासरोधक काही प्लास्टिके मऊ करते. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या हाताला ते लागलेलेच असते; तोच अंगठा पडद्यावर फिरला की पांढुरके चट्टे उमटतात.

असे चट्टे पडलेले एक यंत्र नुकतेच विभागाकडून परत आले. निदान : वापरकर्त्याच्या हाताळणीमुळे झीज, वॉरंटी लागू नाही. उपाय : नवीन यंत्र. हातात धरायची वस्तू हाताळल्याने झिजते, या शोधाबद्दल विभागाचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. खोक्यावर घनदाट जंगल छापायचे आणि जंगलात अंगाला लावायच्या औषधाने पडदा जातो ही सूचना माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत, मुंगीच्या अक्षरांत कोंबायची, ही कलाही वाखाणण्यासारखी आहे. चिकट झालेली रबरी मूठ आणि बंद न होणारे चार्जिंगचे झाकण यांचा उल्लेख वेळेअभावी टाळला आहे.

विभागाला जे निदान जमले नाही, ते पाण्याच्या एका थेंबाने होते. थेंबाखाली चट्टा दिसेनासा झाला तर बिघाड वरच्या पृष्ठावर आहे. तसाच राहिला तर खोल किंवा आत. वरचा बिघाड दुरुस्त होतो. आधी यंत्र बंद करून पडदा पाण्याने ओला करावा, रेती वाहू द्यावी, मऊ मायक्रोफायबर फडक्याने टिपावा. कडा, बटणे व स्पीकरची भोके कागदी चिकटपट्टीने झाकावीत. मग प्लास्टिकसाठीचे बारीक पॉलिश थेंबभर घेऊन हलक्या हाताने घासावे आणि उरलासुरला लेप पूर्ण काढावा. अर्धवट राहिला तर पडदा नकाशासारखा दिसतो आणि नकाशा मात्र दिसत नाही. टूथपेस्टने नवे ओरखडे येतात. ॲसिटोन, पेट्रोल आणि अमोनियायुक्त काचसफाईचे द्रव यांनी प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. पडदा दाबाने चालणारा टचस्क्रीन असेल तर वरचा थर लवचिक असतो. तो घासू नये, नुसती फिल्म लावावी.

लेप गेल्यावर उघडे पॉलिकार्बोनेट समोरून पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ५ टक्के परत फेकते. म्हणून शेवटी मॅट फिल्म मापात कापून, बुडबुडे न ठेवता चिकटवावी. तिचा गोंद उरलेल्या बारीक ओरखड्यांतही भरतो. फिल्म खराब झाली की बदलता येते.

साहित्य एवढेच : पॉलिश, फडके, चिकटपट्टी, फिल्म. यंत्र सिग्नल पकडत होते, बटणे चालत होती, बॅटरी टिकत होती. ते मोडीत काढायला सांगणे ही सरळसरळ लूट आहे आणि तिला सेवा म्हणणे हा निर्लज्जपणा.

काउंटरवरच्या तंत्रज्ञावर मात्र राग धरता येत नाही. त्याला ना सुटे तावदान मिळते, ना पॉलिशची बाटली. फॉर्मवर रकाने दोनच, वॉरंटीत आणि वॉरंटीबाहेर. एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तगणारे यंत्र त्याने उघडले आणि सील गेले, तर खापर त्याच्याच माथी. वर ग्राहकाची बोलणीही त्यानेच खायची, कारण माननीय विभाग कधी काउंटरवर येत नाही.

तरी विभागाने सुटी तावदाने विकावीत, डीटची सूचना खोक्यावर ठळक छापावी आणि फॉर्मवर तिसरा रकाना काढावा : दुरुस्ती.